वाजवणारा कोण?

गेल्या उन्हाळ्यात नाशिकरोडच्या आमच्या जुन्या घराचे पत्रे बदलायला काढले. त्याआधी माळा रिकामा करणे आले. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार माळ्यावर कसा साठत जातो, हे आपल्या घरांतल्या बायकांना सांगायला नको. चेपलेला बंब निघाला, आम्हा भावंडांचा पाळणा निघाला, दोन कंदील निघाले. दादाने सरळ भंगारवाल्याला बोलावले आणि एकेक वस्तू काट्यावर जाऊ लागली.

सगळ्यात शेवटी कोपऱ्यातून एक काळी पेटी निघाली. आत घोंगडीत गुंडाळलेला बाबांचा सॅक्सोफोन होता. हिरवट पडलेला, दोन-तीन चाव्या लोंबत असलेला. भंगारवाल्याने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "पितळ आहे. किलोवर घेईन."

आई खाटेवर बसून होती. वय पंचाऐंशी, ऐकू कमी येते. पण एवढे मात्र तिला बरोबर ऐकू गेले. ती म्हणाली, "तेवढं सोड. बाकी सगळं ने."

दादा वैतागला. "आई, ठेवून करायचंय काय? वाजवणार कोण?"

वाजवणार कोण! ते शब्द कानावर पडले आणि मी तिथेच पायरीवर बसले. कारण याच घरात, याच शब्दांचा एक प्रश्न बाबा आम्हांला विचारीत असत. त्याचे उत्तर त्यांना हयातीत मिळाले नाही. मला मिळाले, पण ते गेल्यावर सात वर्षांनी. ती हकिकत आज सांगते.

आमचे बाबा कारखान्यात पाळी करीत आणि लगीनसराईत संध्याकाळी बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवीत. देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेल्या एका लष्करी बँडवाल्या मास्तरांकडे ते शिकले होते. मास्तर मोठे कडक. पहिले काही महिने त्यांनी बाबांना एकच सूर लावायला ठेवले. "आधी श्वास, मग सूर, मग गाणं," असे ते म्हणत. पुढे बाबांनी मुंबईहून जुना सॅक्सोफोन आणला. त्याचे पैसे फेडायला तीन लगीनसराया लागल्या.

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्याला टोपी. वरातीच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका आणि मधे बँड. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट गाण्याचा मुखडा उचलीत. मधली जागा आली की बाबा पुढे होत. सॅक्सोफोनचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा. त्यात घोगरेपणा असतो, आर्जव असते, मनात आले तर थट्टाही असते. वरातीत नाचणारी पोरेसुद्धा त्या वेळी क्षणभर थांबून वळून बघत.

पण लग्नघरी बँडवाल्याची किंमत काय, हेही आम्ही जाणून होतो. मांडवाबाहेर बसायचे, सगळ्यांच्या पंगती उठल्या की उरलेसुरले वाढले जाई. एका घरी बाबांना पाणी वरून ओतून दिले. त्या दिवसापासून बाबा लग्नात जेवत नसत. सॅक्सोफोनच्या पेटीत रीड ठेवायचा एक खण असतो, त्याच्या शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी आणि चटणी असे. परवा पेटी उघडली तेव्हा मी आधी तो खण हुंगला. वास अर्थातच नव्हता. पण हुंगला.

आता माझीही एक चूक कबूल करते. मी आठवीत असताना शाळेत एक कागद भरून द्यायचा होता. वडिलांचा व्यवसाय या ओळीत मी 'कारखान्यात नोकरी' एवढेच लिहिले. खोटे काहीच नव्हते. पण निम्मा बाप मी त्या कागदावरून पुसून टाकला होता. त्याच वर्षी एका मैत्रिणीच्या भावाची वरात निघाली, बँड बाबांचाच. लाल कोट दिसताच मी गल्लीत सरकून भिंतीआड झाले. बाबांनी मला पाहिले की नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मात्र त्यानंतर आमच्या शाळेच्या बाजूची सुपारी आली की ते दुसऱ्याला पाठवू लागले.

आमच्याकडे रेडिओ नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की ते खास आमच्यासाठी आवाज वाढवीत. 'गाइड' हा सिनेमा १९६५ सालचा. त्यातले किशोरकुमार आणि लता मंगेशकर यांचे द्वंद्वगीत लागले की बाबांचा घास हातातच राही. त्या गाण्यात दोघांच्या आवाजांमधून एक सॅक्सोफोन वाहत येतो. बाबा डोळे मिटून ऐकत. गाणे संपले की म्हणत, "गायलं कोणी ते सांगितलं. लिहिलं कोणी ते सांगितलं. चाल कोणाची तेही सांगितलं. पण वाजवणारा कोण?"

पुढे १९६९ मध्ये 'आराधना' आला. त्यातले ते पावसाळी रात्रीचे, शेकोटीजवळचे गाणे तुम्हांला आठवत असेल. ती सगळी रात्र सॅक्सोफोननेच पेटवलेली आहे. बाबांनी तो सिनेमा तीनदा पाहिला, त्या एका गाण्यासाठी. घरी येऊन तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून बघत आणि मान हलवीत. "बोटं सापडतात, फुंकर सापडत नाही. हा आपल्यातलाच कोणीतरी आहे. बँडमध्ये घासून वर आलेला. नुसता पुस्तकातून शिकलेला माणूस अशी फुंकर मारायचा नाही." आणि मग तोच प्रश्न.

पुढे पुढे वरातींत बेंजो आला, मग ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. बाबांचे दोन दात पडले आणि माउथपीस धरवेना. एक दिवस त्यांनी सॅक्सोफोन पुसून घोंगडीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. २००३ साली ते गेले.

२०१० च्या जुलैत एके सकाळी पेपर चाळताना एका बातमीवर माझी नजर अडकली. प्रसिद्ध सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांचे १३ जुलैला मुंबईत निधन. खाली त्यांनी वाजवलेल्या गाण्यांची नावे. त्यात 'गाइड' होते. 'आराधना' होते. मी पेपर घेऊन आईकडे गेले आणि मोठ्याने म्हटले, "आई, तो वाजवणारा सापडला." आई म्हणाली, "सात वर्षं उशीर केला की गं बाई."

मग मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचू लागले. आणि वाचता वाचता थक्क झाले, कारण बाबांचा अंदाज अक्षरशः खरा होता.

मनोहारी सिंग यांचा जन्म ८ मार्च १९३१ चा, कलकत्त्याचा. घराणे मूळचे नेपाळचे, आणि घरातली मोठी माणसे बँडमध्ये वाजवणारी. कलकत्त्याजवळ बाटानगर म्हणून गाव आहे. बाटा कंपनीने १९३० नंतरच्या वर्षांत तिथे बुटांचा मोठा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभारली. त्या कारखान्याचा स्वतःचा ब्रास बँड होता. मनोहारी पोरवयातच त्या बँडमध्ये गेले. बँडचे गुरू जोसेफ न्यूमन हे हंगेरीहून आलेले. त्यांच्या हाताखाली हा मुलगा फ्लूट आणि क्लॅरिनेट वाजवायला व कागदावरचे सूर वाचायला शिकला. वाचकहो, बुटांच्या कारखान्याचा बँड! आपल्याला शाळा-कॉलेजातले संगीत ठाऊक असते. पण भारताचा सगळ्यात गाजलेला सॅक्सोफोनवादक कामगारवस्तीतल्या एका बँडमधून वर आला, हे कोणी सांगितले होते आपल्याला?

पुढे ते कलकत्ता सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. रात्री चौरंगीवरच्या फिर्पो या नामांकित हॉटेलात वाजवीत. तिथे साहेब लोक नाचायला येत आणि त्यांना हवे असे जॅझ संगीत. मनोहारींच्या सॅक्सोफोनला जॅझचे वळण लागले ते तिथल्या दिव्यांखाली.

हे जॅझ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. त्याशिवाय या वाद्याची गोष्ट कळायची नाही.

सॅक्सोफोन बनवला बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स या कारागिराने. १८४६ मध्ये त्याने पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण तोंडाशी बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड. फुंकर मारली की ती थरथरते आणि पितळेच्या नळीतला वारा बोलू लागतो. नळीच्या भोकांवर चाव्या असतात आणि चाव्यांच्या पोटाशी कातडे लावलेल्या गाद्या. पितळ, बोरू आणि कातडे. आपल्याकडे म्हणायचे तर तांबट, बुरूड आणि चांभार या तिघांचे हात एकत्र आल्याशिवाय हे वाद्य उभेच राहायचे नाही. सॅक्सने ते प्रामुख्याने लष्करी बँडच्या कामी आणले. त्याला गाता गळा मिळाला तो मात्र अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या हाती गेल्यावर.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. दक्षिणेकडच्या न्यू ऑर्लिन्स शहरात काळ्या माणसांनी लष्करी धाटणीची बँडची वाद्ये उचलली आणि आपापल्या मंडळांचे बँड उभे केले. मिरवणूक असो की मयत, बँड पुढे. मयतीला जाताना संथ, दुःखाचे सूर. परतताना नाचरे, जगायला बोलावणारे. सूर लिहिलेले असोत वा नसोत, वाजवणारा आपल्या मनाने जागच्या जागी त्यात भर घालणार. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर उभ्या उभ्या जबाब जोडतो ना, तसेच. त्यातून जॅझ जन्मले.

याच शहरात १८९७ मध्ये सिडनी बेशे जन्मला. जॅझमध्ये सॅक्सोफोनला स्वतःचा आवाज मिळवून देणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक. लहानपणी त्याने भावाची क्लॅरिनेट उचलली. कागदावरचे सूर त्याला वाचता येत नसत, तो नुसत्या कानाने वाजवी. १९१९ मध्ये एका काळ्या वाद्यवृंदाबरोबर तो लंडनला गेला. तिथे त्याला सोप्रानो जातीचा सरळ सॅक्सोफोन मिळाला आणि त्याने तो आपलासा केला. एर्नेस्ट आन्सेर्मे या स्वित्झर्लंडच्या मोठ्या संगीतकाराने त्याच वर्षी त्याची छापून स्तुती केली. पण स्तुतीने पोट भरत नाही. मंदीच्या काळात १९३३ साली बेशेने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका जोडीदाराबरोबर कपडे शिवायचे आणि इस्त्रीचे दुकान टाकले. जगातला अव्वल वादक, आणि हातात इस्त्री! शेवटी तो फ्रान्सला जाऊन राहिला. तिथे त्याला डोक्यावर घेतले. १९५९ मध्ये, १४ मे या आपल्या जन्मदिवशीच तो वारला.

आणखी एक गोष्ट वाचली ती मनात रुतून बसली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम वस्ती त्या विद्यापीठाला लागूनच. ते तिथून निघाल्यानंतरच्या वर्षी, १९१७ मध्ये, जॅझची पहिली तबकडी निघाली. ती होती गोऱ्या वादकांची. संगीत काळ्या माणसांच्या बँडमधून उगवले आणि पहिल्या तबकडीवर नाव दुसऱ्याचे. बाबांचा प्रश्न किती जुना आणि किती दूरवरचा आहे, हे मला तेव्हा कळले.

हे सूर आपल्याकडे आले ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या काळ्या अमेरिकन वादकाचा बँड तिथे आला. त्याच्या पाठोपाठ आणखीही आले. ते ऐकून शिकणाऱ्यांत गोव्याची मंडळी आघाडीवर होती. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सूर वाचायला शिकवीत, त्यामुळे या तरुणांची तयारी पक्की होती. मिकी कोरिया हे सॅक्सोफोनवादक १९३९ पासून वीसेक वर्षे ताजच्या बँडचे प्रमुख होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक मूळचे गोव्याच्या हळदोण्याचे. हीच मंडळी दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जात. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेटना साहाय्यक म्हणून घेतले आणि १९५१ च्या 'अलबेला'त मास्टर भगवानच्या पायांना ती लय दिली. गिरणगावातला कामगार ज्या गाण्यांवर नाचला, त्यांत न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीचा अंश होता. नाचणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता, एवढेच.

सलील चौधरी यांच्या सांगण्यावरून मनोहारी सिंग १९५८ मध्ये मुंबईला आले ते याच दुनियेत. त्याच वर्षी सचिनदेव बर्मन यांच्या 'सितारों से आगे' या सिनेमासाठी त्यांनी वाजवले आणि मग मागे वळून पाहिले नाही. ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी, सगळ्यांना ते हवे असत. सॅक्सोफोनशिवाय फ्लूट, क्लॅरिनेट आणि मेंडोलिनही त्यांच्या हातात होते. राहुलदेव बर्मन यांच्याकडे तर ते वादकही होते आणि सगळ्या वाद्यांची जुळणी बघणारेही. त्यांच्या जोडीला बासू चक्रवर्ती आणि आपले मराठी मारुतीराव कीर. बासू-मनोहारी या जोडीने १९७६ च्या 'सबसे बडा रुपैया'ला स्वतंत्र संगीतही दिले.

आणि इथेच मला चुटपुट लागली. त्या काळच्या राहुलदेव बर्मन यांच्या सिनेमांत सुरुवातीला पडद्यावर संगीतसाहाय्यक म्हणून बासू, मनोहारी, मारुती अशी नावे येत. बाबा सिनेमाला वेळेआधी जाऊन बसणारे. पडद्यावरचे एकेक अक्षर वाचणारे. म्हणजे 'मनोहारी' हे नाव त्यांनी दहा वेळा तरी वाचले असणार. पण तिथे 'सॅक्सोफोन' असे लिहिलेले नसे. उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढून जात होते आणि तेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्यांना कळायला वाट नव्हती.

नव्वदच्या दशकात सिनेमात सिंथेसायझर बोकाळला. शंभर माणसांचे काम एक यंत्र करू लागले. वरातीत बाबांच्या बँडचे जे झाले, तेच तिकडे मोठ्या स्टुडिओंत झाले. तरी मनोहारी सिंग अखेरपर्यंत व्यासपीठावर उभे राहून वाजवीत होते आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. उशिरा का होईना, ते नाव लोकांपर्यंत पोचले. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ या प्राध्यापकांनी आपल्या देशातल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर २००५ मध्ये एक आणि सिनेमाच्या वादकांवर २००८ मध्ये एक, अशी दोन पुस्तके लिहिली. न्यूझीलंडहून माणूस आला आणि त्याने आमच्या बँडवाल्यांना विचारले, बाबांनो, तुम्ही कोण? मी मात्र त्यांना पाहून गल्लीत लपले होते.

आता पुन्हा माळ्यापाशी येते. भंगारवाला काटा घेऊन उभाच होता. माझी नात चौदा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये बिगुल वाजवते. ती म्हणाली, "पणजोबांचा सॅक्स मला हवाय. मी शिकणार."

दादा भडकला. त्याचा राग मला समजतो. 'बँडवाल्याचा पोरगा' म्हणून शाळेत त्याने जे ऐकले, ते माझ्यापेक्षा जास्त. तो शिकला, चांगल्या नोकरीत गेला, स्वतःचे घर बांधले. तो म्हणाला, "दारोदार वाजवायची कामं सोडा म्हणून बाबासाहेबांनी जन्मभर सांगितलं. आपण सोडली. आता चौथ्या पिढीनं परत तेच उचलायचं?"

कोणी बोलेना. मग आई सावकाश म्हणाली, "तुमचे बाबा कोणाच्या दारी वतनापायी गेले नव्हते. भाकर मागायला गेले नव्हते. आधी सुपारी ठरायची, मग पैसे मोजून घ्यायचे, मगच वाजवायचं. पटलं नाही तर नाही म्हणायचे. आणि खायचं तर घरचं. याला दारोदारचं काम म्हणतोस तू?"

मी त्यात भर घातली. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची मिरवणूक आपल्या नाशकात निघाली. जवळजवळ मैलभर लांब. चरित्रग्रंथांत वाचून बघावे, त्या मिरवणुकीच्या पुढे लष्करी थाटात वाजणारा बँड होता. मागे बालवीर, मग पाचेकशे बायका, मग हजारो माणसे. आमचे आजोबा त्या गर्दीत होते. ते सांगत, बँड वाजू लागला तशी वाकलेल्या म्हाताऱ्यांची पाठसुद्धा ताठ झाली. म्हणजे वाद्य तेच असते. दुसऱ्याच्या हुकमाने वाजवले की ओझे होते, आपल्या मनाने वाजवले की माणसे सरळ उभी राहतात. पण इतिहासात नेत्यांची नावे आहेत, सत्याग्रहींची आहेत. त्या बँडमध्ये कोण कोण होते? दादाकडे बघून मी म्हटले, "वाजवणारा कोण, हे आपणच विचारलं नाही तर कोण विचारणार?"

दादा पटले म्हणाला नाही. आजही म्हणत नाही. मात्र दुसऱ्या रविवारी तो स्वतः ती पेटी घेऊन पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेला आणि वाद्यदुरुस्तीवाल्याकडे देऊन आला. चाव्यांखालच्या कातडी गाद्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. खर्च किती झाला, हे तो सांगत नाही.

सॅक्सोफोन घरी आला त्या संध्याकाळी नातीने पहिली फुंकर मारली. आवाज आला तो गाढवाने ओरडावे तसा. आम्ही सगळे हसलो. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे. त्यांचाही पहिल्यांदा असाच यायचा. आधी श्वास घे पोरी." बाबांच्या मास्तरांचा पाठ आईला अजून तोंडपाठ आहे, हे त्या दिवशी कळले. आता रोज संध्याकाळी अर्धा तास एकच सूर चालतो. शेजारी कुरकुरतात, पण सहन करतात.

परवा आमच्या रस्त्याने एक वरात गेली. पुढे ध्वनिक्षेपकांची गाडी, पण मागे हौसेने लावलेला छोटा बँडही होता. लाल कोटातला एक म्हातारा सॅक्सोफोन वाजवीत होता. वरात चौकात थांबली तशी नात धावत गेली आणि मीही तिच्या मागे गेले. या वेळी गल्लीत नाही, रस्त्याच्या मधोमध. नातीने विचारले, "आजोबा, तुमचं नाव काय?"

म्हाताऱ्याने माउथपीस तोंडातून काढला. "का? सुपारी द्यायची आहे का?"

"नाही. नुसतं नाव हवंय. तुम्ही छान वाजवता."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याने नाव सांगितले, आडनावासकट, गावासकट. आणि लगेच शेजारच्या ट्रम्पेटवाल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याचंही लिहून घे."

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या लगीनसराईत तुमच्याही दारी बँड येईल. त्यांना पंगतीत आपल्याबरोबर बसवा, पाणी आपल्याच तांब्यातले हातात द्या. आणि नाव विचारा.